आधी शिफ्ट विचार

शेंडे मावशींनी आयुष्यात कधी कुठल्या दाराची कडी वाजवली असेल असं मला वाटत नाही. बेल तर नाहीच नाही. त्या आधी फाटकाबाहेर थांबायच्या आणि घर नीट बघून घ्यायच्या. अंगणात स्कूटर आहे का, दाराशी प्लांटचे जाड बूट आहेत का, खिळ्याला हेल्मेट टांगलंय का, आणि मुख्य म्हणजे भर उन्हात आतल्या खोलीच्या खिडकीवर कांबळं किंवा जुनी चादर लावलेली आहे का. कांबळं दिसलं की मावशी मागच्या मागे वळायच्या. "नाईट हाये इथं. मानूस झोपला असन. चाल वो, पुढच्या हप्त्यात येऊ."

मी चिडायचे. ऊन डोक्यावर, पिशवीत कोरे फॉर्म, आणि ह्या बाई बंद खिडकी बघून परत फिरतात म्हणजे काय? पण भिलाईत ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. पोलादाचा प्लांट रात्रंदिवस चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि नाईट, दर आठवड्याला बदलत जाते. नाईटवाला माणूस सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. क्वार्टर दोन खोल्यांचं. त्या आठवड्यात घरातली भांडी, रेडिओ, पोरं, सगळ्यांना दुपारपर्यंत गप्प बसवणं हे बाईचं काम. माझे वडील रेल्वेत होते, दुर्गला. आमच्याकडेही नाईट असायची, पण वडील घोरत पडायचे, शेजारी ढोल वाजला तरी त्यांना पत्ता नसायचा. त्यामुळे मला ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

दार वाजवायची वेळ आलीच तर मावशी तर्जनीच्या नखाने दोनदा टकटक करायच्या. उंदीर कुरतडतोय असं वाटावं इतकंच. बोलणंही तसंच, शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढं. ऑफिसातली पोरं त्यांना 'सायलेंट मावशी' म्हणायची. "मावशी, निदान व्हायब्रेटवर तरी या!" असं कुणी म्हटलं की त्या हसायच्या, पण हसण्याचाही आवाज नाही. नुसते खांदे हलायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, तरी मला त्या आठवतात त्या अशाच, पदर तोंडाला लावून खांदे हलवताना.

आमचं ऑफिस म्हणजे दुर्गला पद्मनाभपुरात भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या एका संस्थेचा अभ्यास होता. घरात मुलांना होणारी मारहाण, कोण मारतं, कशानं मारतं, का मारतं. आईसाठी निळा फॉर्म, मुलासाठी पिवळा. मी नागपूरहून समाजकार्याची डिग्री घेऊन ताजी ताजी परतले होते, म्हणजे अक्कल शिगोशीग भरलेली. मावशी मॅट्रिक. आधी अंगणवाडीत होत्या, नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. त्यांच्यासोबत जोडी लावली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता ह्यांना शिकवत बसा. बाप्पा रे! कोण कुणाला शिकवणार होतं ते पुढे दिसलंच.

पहिल्याच दिवशी मी एका बाईसमोर पेन उघडून प्रश्न वाचायला लागले. गेल्या बारा महिन्यांत आपण आपल्या पाल्यास किती वेळा, वगैरे. बाई उठून आत निघून गेली. मावशी दारातच खाली बसल्या, बाईचं सूप पुढे ओढलं आणि तिची लाखोरीची भाजी खुडायला लागल्या. थोड्या वेळाने बाई बाहेर आली, समोर बसली, तीही खुडायला लागली. भाजी संपेस्तोवर निळ्या फॉर्मातले सगळे प्रश्न होऊन गेले होते आणि मावशींनी एकदाही कागदाकडे पाहिलं नव्हतं. "हात कामात असला की तोंडाले लाज वाटत नाही," त्या परतताना म्हणाल्या. "तू पेन काढलं की तिले पोलीस दिसते." महिने मोजायलाही त्यांची वेगळी रीत होती. बारा महिने म्हणून कुणाला काही आठवत नाही. त्या विचारायच्या, "तीजाच्या सणाले मायेरी गेली होती न? तिथून आल्यावर मारलं का? का पोळ्याच्या सणाआधी?" आणि बाई घडाघडा सांगायची.

एक सवय मात्र ऑफिसला खटकायची. प्रत्येक फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात मावशी पेन्सिलीने बारीक लिहून ठेवत. 'सोमवारपासून पहिली.' 'या हप्त्यात नाईट.' मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आधी शिफ्ट विचार, मंग नाव विचार. नाव काही पळून जात नाही." त्यांच्या मते आमच्या फॉर्मात मुख्य प्रश्नच नव्हता. कोण मारतं हे विचारता, पण घरात त्या वेळी झोपलं कोण होतं हे विचारत नाही. मी हा मुद्दा रायपूरला अभ्यासाच्या प्रमुख सरांना फोनवर सांगितला. सर म्हणाले, फॉर्मवर छापलेल्या जागेबाहेर एक अक्षर नको, डेटा खराब होतो, सगळं पुसून पाठवा.

पुसलं कुणी? मीच. एका संध्याकाळी खोडरबर घेऊन बसले आणि शंभरेक फॉर्मचे कोपरे स्वच्छ केले. मावशी समोर बसून बघत होत्या. शेवटी खोडरबराचा चुरा त्यांनी हातानं गोळा केला, खिडकीबाहेर टाकला, आणि म्हणाल्या, "बरं. साहेब सांगते तर करा लागते."

त्या पुसलेल्या फॉर्मात सोनमच्या आईचा फॉर्म होता. सोनम नऊ वर्षांची, एकुलती एक, दुपारच्या शाळेत जाणारी, प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहणारी. आई गोंदियाकडची, आमच्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलायची. निळा फॉर्म मावशींनी आधीच्या आठवड्यात भरला होता, सोनमचा पिवळा बाकी होता. मंगळवारी मावशींना पेन्शनच्या कामाला सिविक सेंटरमधल्या बँकेत जायचं होतं. मी म्हटलं, मी एकटी जाते, त्यात काय. त्या म्हणाल्या, "जायच्या आंधी शिफ्ट पायजो." मी हो म्हटलं. आणि विसरले. खरं सांगायचं तर विसरलेही नाही. टार्गेट होतं, घाई होती, आणि ह्या बाईंचं कांबळ्याचं खूळ मला पुरे झालं होतं.

सकाळी अकरा वाजता मी बेल वाजवली. चांगली दोनदा, दाबून. आत काहीतरी पडलं. दार बोटभर उघडलं आणि आईचा चेहरा दिसला, ओठांवर बोट. तिच्या कमरेमागून सोनम डोकावत होती. मागच्या वेळी मावशींनी तिला फुलपाखरांचे स्टिकर दिले होते. मला बघून ती एकदम ओरडली, "दीदी! आज भी स्टिकर लाए क्या?" आईने झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. तेवढ्यात आतल्या खोलीतून खाट करकरली आणि पुरुषाचा आवाज आला, "कौन मर गया सुबह-सुबह?" दार माझ्या तोंडावर बंद झालं.

मग मी ऐकलं. फटका आणि 'चुप', फटका आणि 'चुप'. असं किती वेळा ते मी मोजलं नाही. त्यानंतर पुरुषाचा आवाज जवळ आला, भांडं आदळलं, बाई विव्हळली, आणि सगळं शांत झालं. मी दाराबाहेर पिशवी छातीशी धरून उभी होते. दार ठोठावलं नाही, शेजाऱ्यांना बोलावलं नाही. घरात होणारी मारहाण ह्या विषयावर मी नागपूरला पन्नास पानांचा प्रबंध लिहिला होता. माझे पाय हलले ते फाटकाच्या दिशेने. वळताना खिडकीवरचं कांबळं दिसलं. लाल, कडेला फाटलेलं. इतकं मोठं कांबळं मला येताना दिसलं नव्हतं.

दुपारी ऑफिसात मावशींना सगळं सांगितलं. तोवर मी पिवळ्या फॉर्मवर जेवढं कळलं तेवढं भरून टाकलं होतं. 'मारणारी व्यक्ती' समोर 'वडील' अशी खूण. मावशींनी फॉर्म हातात घेतला.

"हे तू पायलं?"

"ऐकलं."

"पोरीवर हात कोनाचा पडला, हे आयकू येते का वो?"

"चुप चुप कोन मने?" त्यांनी विचारलं.

बाईचाच आवाज होता. तो बाईचाच आवाज होता हे मला तिथे उभी असतानाही माहीत होतं, पण माझ्या डोक्यात मारणारा बापच असतो असं बसलं होतं. मावशींनी फॉर्म दुमडून आपल्या पिशवीत ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "ती काहून मारते, हे तुले समजलं नाही अजून. चाल, पाहू पोरीचं काय झालं."

पण लगेच जाता येत नव्हतं. आठवडाभर नाईट होती. मी त्या दिवसांतच रायपूरला कळवलं, बालकल्याण समितीला रीतसर अर्ज दिला. अर्ज घेतला गेला, शिक्का बसला, चौकशी करू म्हणाले. सोनमच्या शाळेत जाऊन आले. वर्गाच्या बाई म्हणाल्या, ती येते, पण चार दिवसांपासून तोंड उघडत नाही. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करते. मी त्या शाळेबाहेरच्या कठड्यावर बसून रडले. वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं, आणि आपल्यामुळे एक लेकरू मुकं झालं हे डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून बापाची पहिली पाळी लागली. सकाळी सहाला गेला की दोनपर्यंत घर मोकळं. आठ वाजता मावशी आणि मी दारात. नखाची टकटक. आतून सोनमची आई म्हणाली, "तुमच्यामुळे झालं सगळं. जाओ यहाँ से." खोटं काय होतं त्यात? मी परत फिरले. मावशींनी पायरीवर फतकल मारली, पिशवीतून लाखोरीची जुडी काढली आणि भाजी खुडायला घेतली. दोन तास. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. येणारीजाणारी माणसं बघायची, कुणी वेडी समजायचं. मी म्हटलं, "मावशी, काही उपयोग नाही, ऊन लागेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "मले घरी तरी कोन हाये? घरीबी भाजीच खुडते." गुरुवारी दार उघडलं. बाईच्या डोळ्याखाली हिरवंनिळं पडलं होतं. ती सूप घेऊन उंबऱ्यात बसली आणि भाजी खुडायला लागली. सोनम आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मला वाटलं, आता मावशी समजावतील, पोरीला मारू नये वगैरे. त्यांनी मान वर केली नाही. खुडता खुडताच बोलायला लागल्या, त्यांच्या त्या शेजारच्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात.

"माह्या नवऱ्याची झोप लय पातळ होती. उठला का पहिला हात माह्यावर. पोरगी होती सहा वर्साची, संगीता. तिचा गळा मोठा. खेळताना वरडे. मी तिले आंधी चिमटे काढो. मंग झापड. एक दिवस तिले विंचू चावला. दुपारचे बारा. तिनं बोंब मारली. अन् मी, माय असून, तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. हात धरून, बोळा कोंबून, मागच्या दारानं दवाखान्यात नेली. तो नाही उठला. मले बरं वाटलं त्या दिवशी. पोरगी वाचली मनून नाही, तो उठला नाही मनून."

सोनमच्या आईचे हात थांबले होते. मावशी खुडतच होत्या.

"तवापासून संगीता वरडली नाही. लग्न झालं, पुण्याले गेली, दोन लेकरं झाली. बाळंतपनातबी वरडली नाही मनते. मी तिचा आवाज मारला, बाई. नवऱ्यानं नाही, मी. तू अजून पूर्ण मारला नाहीस. मनून रोज येऊन राहिली मी इथं."

बाई रडायला लागली. आवाज न करता, घर रिकामं असूनही. मग सोनम चौकटीपासून हलली, येऊन आईच्या शेजारी बसली आणि सुपातली एक काडी उचलून खुडायला लागली. मावशींनी तिच्यापुढे थोडी भाजी सरकवली.

पुढचं सरळ झालं असं सांगायला मला आवडलं असतं. सोनमच्या आईचा भाऊ नंदिनी नगरला होता. त्याच रविवारी ती पोरीला घेऊन तिकडे गेली. सोनमला तिथल्या शाळेत घातलं. महिन्याभराने मी गेले तेव्हा ती माझ्याशी चार वाक्यं बोलली, पुटपुटल्यासारखी, पण बोलली. समितीने बापाला दोनदा बोलावलं, समज दिली, कागद केला. आठ महिन्यांनी आई परत त्याच क्वार्टरमध्ये आली, कारण भावाचंही घर दोन खोल्यांचंच होतं. पोरगी मात्र मामाकडेच ठेवली, तेवढं तिने ऐकलं. अभ्यासाचा अहवाल इंग्रजीत आला, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. शिफ्ट हा शब्द त्यात कुठेही नव्हता. असणार कसा? मीच खोडला होता.

त्यानंतर मी ह्याच कामात राहिले. किती फॉर्म भरले, किती अर्ज दिले, किती दारं तोंडावर बंद झाली ह्याचा हिशोब मी ठेवत नाही. थकवा येतो. मीटिंगांत आता नवी पोरं टॅब घेऊन बसतात, उपाययोजनांच्या स्लाइड दाखवतात, आणि मी खिडकीबाहेर बघत बसते. नवीन मुलींना मात्र मी एक गोष्ट शिकवते, आधी शिफ्ट विचारा. त्या लिहून घेतात आणि विसरतात, जशी मी विसरले होते.

मावशी शेवटच्या वर्षांत बहिऱ्या झाल्या. आयुष्यभर आवाज दाबून राहिलेल्या बाईंना आता शेजारचा कुकर ऐकू येईना. मशीन आणून दिलं तर डबीत ठेवून दिलं, "कान खाजते" म्हणाल्या. मी रविवारी जायचे. अकराच्या सुमारास पुण्याहून संगीताचा फोन यायचा. मावशी फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात द्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. कारण संगीता बोलायची ते स्पीकरवरही मला कान लावून ऐकावं लागायचं. मग मी तेच ओरडून मावशींना सांगायचे. मुलाला ताप होता, आता बरा आहे. तुम्ही गोळ्या घेता का विचारते. मायलेकींच्या मध्ये मी भोंगा होऊन बसलेली.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मावशींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "संगीता, तू मोठ्यानं बोल न माय. मले तुहा आवाज आयकाचा हाये."

तिकडून काहीतरी बारीक आलं. मी वाकून ऐकलं. "आई, मला जमत नाही गं."

मी ते सांगितलं. मावशी फोनकडे बघत म्हणाल्या, "बोल वो. आता घरात कोनी झोपलं नाही."

फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, लाईन कटणार. आणि मग ती ओरडली. "आई!" फाटका, चिरका आवाज, चाळिशी उलटलेल्या बाईचा वाटेचना, सहा वर्षांच्या पोरीचा वाटला. बाहेर अंगणात शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिने दचकून आमच्या खिडकीकडे पाहिलं.

मावशींना ऐकू आलं. त्यांचं बोट आपोआप ओठांवर गेलं आणि मान आतल्या खोलीच्या दाराकडे वळली. तिथे रिकामी खाट होती, घडी घातलेली चादर होती. त्या खाटेकडे त्या बघत राहिल्या. मग बोट हळूहळू खाली घेतलं, फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "आणखीन एक डाव आई मन."